आधी वचन, मग शब्द

नव्या वर्षात मनाशी धरायला एकच शब्द निवडायची पद्धत काही ख्रिस्ती लोकांत आहे. ‘वर्षासाठी एक शब्द निवडणं हे इंटरनेटवरून आलेलं खूळ आहे, पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, त्याला आधार नाही’ असं कुणीकुणी म्हणतं. तशी आज्ञा शास्त्रात नाही, हे खरंच. पण खूळ म्हणणं पटत नाही, कारण याच्या जवळची प्रथा बरीच जुनी आहे. जर्मनीतल्या हेर्नहुट गावी मोरेव्हियन मंडळीत (हा एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) १७२८ साली त्यांचा पुढारी त्सिंत्सेनडॉर्फ याने दिवसासाठी एक वचन, म्हणजे बायबलमधली एक ओळ, द्यायला सुरुवात केली. ते वचन घरोघरी जाऊन सांगितलं जाई. १७३१ पासून ही वचनं पुस्तकरूपाने निघतात आणि जुन्या करारातलं (बायबलच्या पहिल्या भागातलं) वचन आजही चिठ्ठी काढूनच ठरतं. आपल्या आवडीनिवडीला तिथे वावच नाही, आणि मला नेमकी हीच बाजू मोलाची वाटते.

पुण्यात आमच्या चर्चमध्येही ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेत वचनांच्या चिठ्ठ्यांचं ताट फिरतं. गेल्या वर्षी आईच्या हाती स्तोत्र २७:१४ आलं, परमेश्वराची प्रतीक्षा कर असं सांगणारं वचन. त्यातला ‘प्रतीक्षा’ एवढाच शब्द तिने ठळक लिहून ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढे पुढे जात होती, तेव्हा साखरेचा डबा काढताना ती तो मोठ्याने वाचायची आणि मगच चहा टाकायची. स्वतः निवडायचा असता तर तिने हा शब्द घेतलाच नसता, इतकी ती घाईची. म्हणून शब्द जरूर ठरवा, पण आधी अख्खं स्तोत्र वाचा, प्रार्थनेत थांबा, मग त्यातून घ्या. ‘यश’, ‘भरभराट’ असलं काही आधीच ठरवून त्याला साजेसं वचन शोधत बसू नका.