स्वखर्चाने बिगारी: परदेशात घरं बांधायला आणि मुलं शिकवायला गेलेल्या बडोदेकरांचे अनुभव

सुरसागर (धागाकर्ती)

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांची नात टोरांटोला असते. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या चर्चबरोबर ती या उन्हाळ्यात ग्वाटेमालाला घरं बांधायला निघाली आहे. तिकीट स्वतःचं, रजा स्वतःची, वर बांधकामाच्या निधीत वर्गणी. इथे आजीचा प्रश्न, "पैसे भरून बिगारी करायला कोण जातं गं?"

आजीला उत्तर द्यायला मला काही सुचलं नाही, म्हणून हा धागा. फतेहगंजातल्या आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांतली मुलं अशा मिशन ट्रिपांना गेलेली मला माहीत आहेत. सहकाऱ्यांच्या नादाने गेलेले बाकीचेही असतील. तिथे हाताने नक्की काय काम केलंत आणि तुम्ही परतल्यावर मागे काय टिकलं, ते लिहा. फोटोतले हसरे चेहरे पुष्कळ पाहून झालेत. धर्मावरून भांडण नको, प्रश्न जरूर विचारा.

कलाभवनी

मी देवळातसुद्धा सणासुदीलाच जाणारा. ह्यूस्टनला शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थाने "सिव्हिलवाला माणूस हवाय" म्हणून ओढून नेलं. गाव ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात. त्या देशात ४ फेब्रुवारी १९७६ च्या पहाटे भूकंप झाला आणि सुमारे २३,००० माणसं गेली, त्यातली कितीतरी कच्च्या विटांच्या घरांखाली. म्हणून आता काँक्रीटचे पोकळ ब्लॉक, त्यांच्या पोटातून उभ्या सळया आणि ठरावीक उंचीवर आडवे पट्टे.

गवंडी तिथलाच होता आणि साइट त्याची होती, हे त्याने पहिल्याच सकाळी दाखवून दिलं. कोपरे तो कुणाला देत नसे. चारही कोपरे स्वतः ओळंबा लावून उचलायचा, मध्ये दोरी ताणायचा आणि मधले ब्लॉक आमच्या हवाली करायचा. दोरीच्या आत राहिलं की नवख्याच्या हातूनही भिंत फारशी वाकडी जात नाही. उरलेले लोक माल कालवायला आणि ब्लॉक वाहायला.

मला त्याने रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना बाहेरून बांधून ठेवणारे आडवे वेढे, वाकवायला बसवलं. जाड फळीवर सळईचे तुकडे ठोकलेले, त्यांत बारीक सळई अडकवून पाइपाने वाकवायची. टोक ९० अंशात ठेवलं की तो मान हलवून रिंग परत टाकायचा. त्याला टोक १३५ अंशात आत वळलेलं हवं असायचं, काँक्रीटच्या गाभ्यात शिरणारं. भूकंपात सळयांबाहेरचा काँक्रीटचा थर फुटला की ९०चं टोक उघडतं, मग सळया बाहेर फुगतात आणि खांब जातो. हे मी बडोद्याला कलाभवनात इंजिनिअरिंगच्या परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. बडोद्याच्या साइटवर मात्र क्वचितच पाहिलं, आणि २००१ च्या गुजरातच्या भूकंपानंतरचं सांगतोय. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला स्पॅनिश येत नव्हतं, पण काम अडलं नाही.

फतेहगंजची लेक

आजोळ अहमदनगरचं, अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिकलेलं. बडोद्याला घरी अजून उपासना संगीत उघडून पेटीवर गाणी होतात. मी न्यू जर्सीच्या चर्चच्या तरुण संघाबरोबर मेक्सिकोत तिहुआनाला गेले.

खरं काम निघण्याआधीच सुरू होतं, ते म्हणजे पैसे जमवणं. उपासनेनंतर समोसे विकले, गाड्या धुतल्या, नातेवाइकांना पत्रं पाठवली. बडोद्याच्या मामाचं उत्तर आलं, "मेक्सिकोत घर बांधताय? इथे आमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग राहिलंय." पैसेही पाठवले त्याने, हे सांगायला हवं.

तिथलं घर म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर काळा डांबरी कागद, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी आणि जाळीवर सिमेंटचं प्लास्टर. काही दिवसांत उभं राहतं. मालकीणबाई जोडणीच्या कारखान्यात कामाला होत्या. शिफ्ट संपली की घरी न जाता थेट साइटवर येऊन हातोडा उचलायच्या, आणि खिळा आमच्यापेक्षा सरळ मारायच्या.

धर्माचं विचाराल म्हणून आधीच सांगते. संध्याकाळी मुलांना गाणी-गोष्टी असत, किल्ली देताना प्रार्थना आणि बायबल. त्या घरात ग्वादालूपेच्या मारियेची तसबीर आधीपासून होती. ते कॅथलिक, आम्ही प्रोटेस्टंट. बाईंनी बायबल घेतलं आणि त्या तसबिरीखालीच ठेवलं. आमच्यातले दोघेतिघे चुळबुळले. मला बाईंचं पटलं.

मांडवी

सगळं ठीक, पण हिशेब कुणी करणार आहे का? पंधरा जणांच्या विमानभाड्यात तिथले गवंडी किती महिने कामाला लागतील? भारतात असं करायला परदेशी मंडळी आली तर मिशनरी व्हिसाचा आणि परदेशी देणग्यांच्या कायद्याचा प्रश्न येतो, तो वेगळाच.

आणि घर कुणी बांधायचं हा अनुभव आपल्यालाही आहे. किल्लारीला १९९३ नंतर गावंच्या गावं उचलून नव्या आखणीत वसवली, तेव्हा घरं मिळाली पण आळी गेली, गोठा गेला, अंगण गेलं. कच्छमध्ये २००१ नंतर सरकारने मदत हप्त्याहप्त्याने दिली आणि बहुतेकांनी आपलं घर आपल्या देखरेखीखाली बांधून घेतलं. मला दुसरी रीत सरस वाटते. पाहुण्याने पैसे पाठवावेत आणि घरी बसावं.

कलाभवनी

मांडवी, हिशेब बरोबर आहे. फक्त एक: घरी बसलेला माणूस पैसे पाठवत नाही. आमच्या गटातला एक जण परतल्यापासून त्या गवंड्याच्या पोराची फी भरतोय. नुसतं पत्रक वाचून त्याने दहा डॉलरही दिले नसते.

नैरोबीकर

फीचा विषय निघाला म्हणून लिहिते. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही नैरोबीला बरीच वर्षं होतो. दर वर्षी कॅनडाहून एका चर्चचा गट यायचा. वर्गखोली रंगवायचे, विहिरीचं बघायचे आणि काही मुलांचं शिक्षण उचलायचे. भाषा आणि बाजार ठाऊक म्हणून खरेदीला मला नेत.

केनियात जानेवारी २००३ पासून सरकारी प्राथमिक शाळेची फी नाही. अडतं ते माध्यमिकला. आमच्या वेळी आठवीनंतर केसीपीई परीक्षा असायची (२०२३ ची शेवटची), मग चार वर्षांचं माध्यमिक, पुष्कळदा बोर्डिंगमध्ये. प्रवेशपत्राबरोबर सामानाची यादी येते: पत्र्याची ट्रंक, कुलूप, गादी, ब्लँकेट, बादली, काळे बूट, गणवेश. ट्रंक आणि गादी नसेल तर मुलगी जागा मिळूनही घरी बसते. गिकोंबा बाजारात ट्रंकेचं झाकण दोनदा उघडझाप करून बिजागरी बघायची, हे मी त्या कॅनडावाल्यांना शिकवलं. ट्रंकेवर मुलीचं नाव तिथेच रंगवून मिळतं. नाव रंगवताना मुली जशा उभ्या राहायच्या, तशा त्या निकालाच्या दिवशीही उभ्या नसतील.

आता कडू भाग. पहिल्या वर्षी सगळ्यांना फी भरणारे पालक मिळतात. दुसऱ्या वर्षी चर्चचा पाद्री बदलतो किंवा गट दुसऱ्या देशात जायचं ठरवतो आणि सत्राच्या मध्यावर फी थांबते. शाळा मुलीला फी आणायला घरी पाठवते. आमच्या ओळखीतल्या एकीचं असंच झालं. तिची उरलेली वर्षं आम्ही महाराष्ट्र मंडळातल्या चार घरांनी वाटून घेतली. तेव्हापासून माझं ठाम मत आहे, चार वर्षांचे पैसे बँकेत आधी ठेवा, मग मुलीच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढा. आणि दर सत्राला आभाराचं पत्र मागू नका. पोरी तेच ते कॉपी करून लिहितात.

कमाटीबाग

विद्यार्थ्याला परदेशी शिकवायचं म्हणाल तर बडोद्याने ते १९१३ मध्येच केलं. सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी, परतल्यावर संस्थानात नोकरीच्या अटीवर. १९१७ मध्ये ते नोकरीला आले आणि याच गावात त्यांना भाड्याने घर मिळेना. पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही हुसकावलं. शिक्षण आणि घर हे दोन वेगळे विषय समजणाऱ्यांनी कमाटीबागेतल्या त्यांच्या आठवणीच्या जागेवर, संकल्पभूमीवर, जाऊन यावं.

सुरसागर

आजीला कलाभवनींची रिंग वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "मग तिला कोपऱ्याला हात लावू नको म्हणावं."

नैरोबीकर, केनियाला जाणाऱ्यांनी लसीचं काय करायचं? दोघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय.

नैरोबीकर

पीतज्वराची लस, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. लसीच्या दाखल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टला लावून ठेवा. केनियाहून भारतात परतताना ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. २०१६ पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. मलेरियाच्या गोळ्यांबद्दलही डॉक्टरांना विचारा. आणि बाकरवडी जास्त न्या, तिथल्या मुलांना फार आवडते.