मदत हवी आहे: सुदानबद्दल खासदारांना पत्र लिहायचंय

नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यातली. सुदानमधल्या एल फाशर शहराला आरएसएफ या तिथल्या निमलष्करी गटानं दीड वर्ष वेढा घातलेला, तेव्हा लोक भुईमुगाची पेंड खाऊन जगत होते हे वाचलं आणि गोठ्यात म्हशीपुढं पेंडीचं घमेलं ठेवताना हातच थांबला बघा. ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर पडलं, मग कत्तली झाल्या, आणि आपल्याकडं कोण बोलतच नाही. आम्ही मंडळातल्या बायकांनी एका वहीत सह्या गोळा केल्यात, ९ डिसेंबरला खासदारांना पत्र द्यायचं म्हणतोय, कारण १९४८ ला त्याच दिवशी नरसंहारविरोधी करार मंजूर झाला, भारतानं १९५९ मध्ये मान्यही केलाय. पण देशात त्यासाठी वेगळा कायदा अजून नाही, तर पत्रात नेमकं काय मागायचं, संसदेत प्रश्न विचारा म्हणायचं की मदतनिधीचं लिहायचं? कुणी वकील असतील तर मसुदा बघून द्या प्लीज. आणि गल्लीत निम्मी घरं कन्नड वाचणारी, त्यांच्याही सह्या हव्यात, तर कन्नडमध्ये नीट करून देणारं बेळगाव, निपाणीकडचं कोण आहे का? पोस्टाचा खर्च आम्ही करतो.