रात्रभराच्या दशावताराचं चित्रीकरण : घरच्या एडिटिंगसाठी डिस्क आणि मशीन काय घ्यावं?

पेटीमास्तर_कुडाळ

मंडळी, नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण आधीची हकीकत सांगितल्याशिवाय कळायचा नाही.

मी कुडाळ तालुक्यातला, नोकरी पतपेढीत. गेले तीन हंगाम जत्रांमधली दशावतारी नाटकं चित्रित करतोय. माझे बाबा सव्वीस वर्षं राजपार्टी, म्हणजे राजाच्या भूमिका, करायचे. त्यांच्या आवाजाची एक कॅसेटसुद्धा घरात नाही. गावातली म्हातारी माणसं सांगतात, अमक्या जत्रेत त्यांनी असं भाषण केलं, तसा प्रवेश घेतला. मी ऐकून घेतो, दुसरं काय करणार? दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, बाकी संवाद उभ्या उभ्या सुचतात. तीच कंपनी, तेच आख्यान असलं तरी काल झालेलं नाटक आज तसं होत नाही. म्हणून हे काम हाती घेतलं.

मागच्या हंगामात नऊ रात्रींचं चित्रीकरण गेलं. सगळं ५ टीबीच्या एकाच पोर्टेबल डिस्कवर होतं. एका सकाळी लावली तर आतून टक-टक आवाज. दुरुस्तीवाल्यांनी उघडून सांगितलं, आतल्या तबकडीवर ओरखडे आहेत, काही निघणार नाही. त्यात सत्तरीतल्या एका स्त्रीपार्टीची (बाईच्या भूमिका करणाऱ्या नटाची) शेवटची भूमिका होती. ते आता मंचावर उभे राहत नाहीत. त्यांच्या घरी जाऊन हे सांगायला मला दोन महिने लागले.

सध्या दोन कॅमेरे आहेत, दोन्हींवर ४के, २५ फ्रेम, सेकंदाला १०० मेगाबिट. एक मांडवात समोर तिवईवर, एक माझ्या हातात. आवाजाचा रेकॉर्डर पेटीवाल्याच्या बाजूला. रात्री ११ला आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा भाग, सुरू होतो आणि शेवटची दहीहंडी फुटेपर्यंत पहाटेचे ५ वाजतात. हंगामात साधारण २२ रात्री होतात. लॅपटॉप सहा वर्षांचा आहे. दोन्ही कॅमेऱ्यांचं चित्र एका टाइमलाइनवर ठेवलं की अडखळतो.

हाताशी १,४०,००० रुपये आहेत आणि पुन्हा लवकर जमणार नाहीत. दुकानदाराने मोठं ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एसएसडी आणि ४ टीबी हार्ड डिस्क असं कोटेशन दिलंय. भाचा म्हणतो, चार डिस्कची नेटवर्कवाली पेटी घे, रेड ५ (डिस्क एकत्र बांधून वापरायची पद्धत) लाव, मग काही जात नाही. कुणाचं ऐकू?

कटिंग_टेबल

पेटीमास्तर, मी तीस वर्षं गोरेगावला मालिकांच्या एडिटिंगवर होतो, आता कोल्हापुरात घरूनच काम करतो. नऊ रात्री गेल्याचं वाचून वाईट वाटलं. आधी एक सांगा, पहिल्या दोन हंगामांचं चित्रीकरण कुठे आहे? तेही एकाच डिस्कवर असेल तर मशीनचा विचार नंतर. आज एक डिस्क आणा आणि रात्रीतच दुसरी प्रत करा.

आता आकडे. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, तासाला ४५ जीबी. सहा तास, दोन कॅमेरे, एका रात्रीचे ५४० जीबी. २२ रात्रींचे जवळपास १२ टीबी, आणि ही झाली एकच प्रत. दुकानदाराच्या कोटेशनमधली ४ टीबीची डिस्क आठव्या जत्रेत भरेल. त्याने तुमचं काम विचारलंच नाही असं दिसतं.

लॅपटॉप का अडखळतो तेही समजून घ्या. दोन्ही कॅमेरे मिळून डिस्ककडे सेकंदाला फक्त २५ एमबी मागतात. साधी साडेतीन इंची हार्ड डिस्क दीडशेच्या पुढे देते. म्हणजे डिस्क कमी पडत नाही. कॅमेरा एच.२६४ मध्ये, म्हणजे चित्र दाबून लहान करायच्या पद्धतीत, साठवतो तेव्हा प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाही, अधूनमधून एक पूर्ण फ्रेम आणि मधल्या फ्रेमचे नुसते बदल. एडिटिंगमध्ये कुठल्याही फ्रेमवर उडी मारली की प्रोसेसरला मागची सगळी जुळवाजुळव करावी लागते, आणि तीही दोन कॅमेऱ्यांची एकाच वेळी. तिथे दम लागतो. याला महागडं कार्ड हा पहिला उपाय नव्हे. प्रॉक्सी, म्हणजे मूळ चित्राच्या हलक्या प्रती, करा. जत्रेहून आल्यावर मशीन प्रॉक्सी बनवत बसेल, तुम्ही झोपा. लहान फायलींवर कापाकापी करायची आणि शेवटी मूळ चित्रावर एक्स्पोर्ट द्यायचा. हे तुमच्या जुन्या लॅपटॉपवरही चालेल.

मशीन घ्यायचंच तर इंटेलचा मधल्या दर्जाचा आय५ घ्या, पण नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर असलेला घेऊ नका. त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं, आणि एच.२६४ उलगडायला तेच उपयोगी पडतं. रॅम ३२ जीबी. सिस्टिमसाठी लहान एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), चालू कामासाठी २ टीबीची दुसरी. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती ३८४०×२१६० पर्यंत एक्स्पोर्ट देते आणि आवाजावरून दोन कॅमेरे जुळवते. अंधाऱ्या मंचावर येणारे दाणे घालवायची सोय मात्र पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीतच आहे. ते पुढे बघता येईल. कार्डाला कात्री लावा आणि निम्मे पैसे डिस्कवर घाला.

सर्व्हररूम

भाच्याने सांगितलेल्या रेड ५ बद्दल. चार डिस्कपैकी एक बंद पडली तर पेटी चालू राहते, एवढंच त्याचं काम. चुकून फोल्डर उडवलात तर तो चारही डिस्कवरून एकाच क्षणी उडतो. चोरी झाली, वीज पडली, पेटीचा बोर्ड गेला, तरी सगळं एका जागी आणि एकत्रच जाणार. कचेरीत काम थांबू नये म्हणून रेड लावतात. तुमचं काम एक दिवस थांबलं तर बिघडत नाही, चित्रीकरण गेलं तर बिघडतं. शिवाय घरातल्या गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, पेटी कितीही भारी असली तरी.

सुट्या डिस्क घ्या, साडेतीन इंची. अडीच इंची पोर्टेबल डिस्कमध्ये जास्त क्षमतेच्या बहुतेक एसएमआर असतात, त्यात माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. सलग मोठं लिहायला लागलं की त्या मंदावतात. घेताना सीएमआर, म्हणजे पट्टे सुटे असलेली, आहे ना हे विचारा. आणि संग्रह एसएसडीवर ठेवू नका. वीज न देता कपाटात पडून राहिलेल्या एसएसडीतला माहिती धरून ठेवणारा विद्युतभार हळूहळू गळतो, उष्णतेत लवकर. चालू कामाला ती उत्तम.

एक सुचवतो. समोरचा स्थिर कॅमेरा १०८०पी (४केपेक्षा लहान चित्र), ५० मेगाबिटवर ठेवला तर रात्र ४०५ जीबीत बसेल आणि हंगाम ९ टीबीच्या आत.

कटिंग_टेबल

सर्व्हररूम यांच्या शेवटच्या सूचनेला माझा विरोध आहे. समोरचा कॅमेरा ४के असेल तर एका पात्राच्या चेहऱ्यापर्यंत चित्र मोठं करता येतं. हातातला कॅमेरा चुकीच्या बाजूला वळलेला असताना राजपार्टीने चांगली जागा घेतली तर तीच एक सोय असते. त्या रात्रीचं नाटक पुन्हा होणार नाही असं पेटीमास्तरच म्हणतात. ३ टीबी वाचवायला ही किंमत जास्त आहे.

पेटीमास्तर_कुडाळ

काल रात्री जुन्या दोन हंगामांची प्रत सुरू केली. होय, तेही एकेका डिस्कवरच होतं. प्रत होईपर्यंत उशाशी बसून होतो.

४के बद्दल कटिंग_टेबल यांचं पटलं. मागच्या वर्षी आडदशावतारातला संकासुर मांडवात पोरांमागे धावला तेव्हा मी त्याच्यामागे गेलो आणि मंचावर भटजी काय बोलला ते फक्त समोरच्या कॅमेऱ्यात आहे. आकार छोटा केला असता तर त्याचा चेहरा दिसला नसता.

कॉपी करताना फाइल नीट उतरली की नाही हे कसं ओळखायचं? मी आजवर नुसतं ओढून टाकत आलोय.

सर्व्हररूम

नुसतं ओढून टाकलं तर विंडोज पडताळणी करत नाही. टेराकॉपी या कॉपी करायच्या प्रोग्रॅममध्ये पडताळणीचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. तो मूळ फाइल आणि प्रत दोन्हींचा हॅश, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, काढून जुळवतो. हॅशची यादीही त्याच फोल्डरमध्ये साठवा, म्हणजे पाच वर्षांनी डिस्क उघडल्यावर एखादी फाइल सडली असेल तर कळेल. दोन पडताळलेल्या प्रती होईपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करायचं नाही. यासाठी चार कार्डं जास्त घ्यावी लागली तरी घ्या. फोल्डरचं नाव तारखेने सुरू करा, पुढे गाव, कंपनी, आख्यान.

देवगड_बंदर

मी देवगडचा, लग्नाची शूटिंगं करतो. वरच्या जाणत्यांनी सगळं सांगितलंय, फक्त आपल्या हवेचं राहिलं. जूनपासून चार महिने लेन्सला बुरशी येते तशी डिस्कच्या कनेक्टरलाही ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात. डबा काढल्यावर डिस्क लगेच लावू नका, तासभर खोलीत राहू द्या. तीन-चार महिन्यांनी एकदा चालवून बघा.

आणि वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की यूपीएसवर विसंबू नका, सॉकेटमधून पिन काढा. आमच्या आळीत जवळच्या माडावर वीज पडली तेव्हा टीव्ही, राउटर, फ्रिज सगळं गेलं होतं. घरात अर्थिंग नीट आहे का तेही वायरमनकडून तपासा. म्हणून म्हणतो, एक प्रत दुसऱ्या गावात हवीच.

तुमी बरा काम करतास, सोडू नकात.

पेटीमास्तर_कुडाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. दुकानदाराचं कोटेशन परत केलं. ग्राफिक्स कार्ड काढलं, प्रोसेसर 'एफ' नसलेला घेतला, ३२ जीबी रॅम, कामासाठी २ टीबी एनव्हीएमई, लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस. जुनाच मॉनिटर वापरणार. उरलेल्या पैशांत १२ टीबीच्या दोन डिस्क बसल्या. तिसरी दिवाळीच्या बोनसवर, म्हणजे पहिल्या जत्रेच्या आधी.

एक माझ्या टेबलावर, एक डब्यात. तिसरी बेळगावला ताईकडे. महिन्यातून एकदा मी जातोच, तेव्हा नवीन रात्री त्यात भरून येईन. ताईला सांगितलं तेव्हा तिने बाबांच्या पेटीतला किरीट ठेवलेला कप्पा रिकामा करून ठेवलाय.

एकच विचारायचं राहिलं. त्या स्त्रीपार्टीच्या घरच्यांकडे मोबाइलवर काढलेल्या त्या रात्रीच्या अकरा क्लिप सापडल्यात, कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या. चित्र फुटकं आहे, आवाज ऐकू येतो. मूळ ज्याने काढल्या तो मुलगा आता गोव्यात काम करतो, रविवारी त्याला भेटायला जातोय. त्याच्या जुन्या फोनमधून मूळ फायली जशाच्या तशा उतरवायला केबलने जोडणं पुरेसं आहे, की आणखी काही काळजी घ्यावी लागेल?

कटिंग_टेबल

केबलनेच घ्या, पुन्हा व्हॉट्सॲपवर मागवू नका. कॅमेऱ्याचा फोल्डर अख्खा उचला, निवडत बसू नका. फोन चालू होत नसेल तर चार्जरवर तासभर ठेवून बघा, आणि रिसेटला हात लावू नका. फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर आधी ते काढून वेगळं वाचा. मोबाइलच्या चित्रीकरणात फ्रेमचा वेग कमीजास्त होत राहतो, त्यामुळे पुढे आवाज सरकेल. एडिटिंगला घेण्याआधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅममध्ये २५ फ्रेमवर स्थिर करून वेगळी प्रत काढा, मूळ फायली आहेत तशा ठेवा. रविवारी काय निघतं ते इथे लिहा.