चिठ्ठीवर ‘मुलगा, वय ११’ असेल तर

कुणीतरी विचारलंय की मुलांसाठी भेटवस्तू गोळा करणाऱ्या संस्थेकडून ‘मुलगा, वय ११’ एवढीच चिठ्ठी आली तर भेट म्हणून काय घ्यावं. ही चिठ्ठी आनंदाने घ्या! लोक बाहुल्या नि मोटारी पटकन उचलतात, मोठी मुलं मागे राहतात. चांगला फुटबॉल द्या, सोबत हवा भरायचा पंप, सुईसकट. नाहीतर चेंडू चपटा होऊन कोपऱ्यात पडतो. सेलवर चालणारं काही असेल तर सेलही द्या. ३ वर्षांखालच्यांना मात्र बारीक सुटे भाग नकोत आणि बटण सेल तर मुळीच नको. तो गिळला गेला तर २ तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. वस्तू नवी हवी, पण रंगीत कागदात गुंडाळू नका. संस्थेला ती वयानुसार लावायची असते. किमतीचं लेबल तेवढं आठवणीने काढा.