मदत हवी आहे: पश्चिमेला २१ मीटर उंच इमारत येतेय. गल्लीतली उष्णता मोजायची कशी, आणि बिल्डरकडे मागायचं काय?

सुपारीबाग:
ठिकाण रत्नागिरी शहर. गल्ली ६ मीटर रुंद, उत्तर-दक्षिण. दोन्ही बाजूंना साधारण ६ मीटर उंचीची घरं, काही जांभ्याची कौलारू, काही स्लॅबची. पश्चिमेच्या रांगेतली चार घरं पाडून तिथे इमारत प्रस्तावित आहे. पूर्वेला आमची एकमजली सोसायटी, वर उघडा स्लॅब. नगर परिषदेत हरकत द्यायची आहे, पण नुसतं "गरम होईल" म्हणून भागणार नाही. मोजायचं काय आणि कधी? स्लॅबवर चुना बरा की पत्रा?

खारा_वारा:
पहिली गोष्ट, फक्त दुपारी मोजू नका. पश्चिमेची उंच इमारत दुपारनंतर तुमच्यावर सावलीच टाकणार. तीन वाजताचा आकडा कदाचित आजच्यापेक्षा कमी येईल आणि हरकत तिथेच संपेल. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री सोडतं, म्हणून रात्री १० आणि पहाटे ६ चे आकडे महत्त्वाचे.

रात्री गल्ली निवते ती मुख्यतः आकाशाकडे उष्णता टाकून. लांब गल्ली धरली तर आज गल्लीच्या मधोमध जमिनीवरून, मोकळ्या मैदानाच्या तुलनेत, सुमारे ४५ टक्के आकाश हिशेबात येतं. पश्चिमेची भिंत २१ मीटर झाली की ते २९ टक्क्यांवर येतं. उद्या पूर्वेलाही तेवढंच उठलं तर १४. हा हिशेब हरकतीत घाला, कारण तो नकाशावरून कोणालाही पडताळता येतो.

पण किनाऱ्यावर खरा घात होतो तो वारा अडल्यामुळे. इथल्या दमट हवेत आकाशाकडे उष्णता तशीही कमी जाते आणि घाम वाळायला वारा लागतोच. हवामान विभागसुद्धा उष्णतेच्या लाटेसाठी सपाट प्रदेशात ४० अंश, तर किनाऱ्यावर ३७ अंशांपासून विचार करतो. म्हणून तापमानाबरोबर आर्द्रता आणि वारा नोंदवा. तापमान-आर्द्रता मापक भिंतीपासून दूर, सावलीत, दीड मीटर उंचीवर टांगा. तसाच दुसरा मोकळ्या मैदानाजवळ ठेवा. आधी दोन्ही एका खोलीत रात्रभर शेजारी ठेवून फरक लिहून घ्या, नाहीतर यंत्रातला फरक गल्लीच्या नावावर जाईल. मार्च ते मे रोज त्याच वेळा. बांधकाम सुरू होण्याआधीची नोंद हातात नसेल तर पुढे तुलना कशाशी करणार?

मंजूर_नकाशा:
मजले कमी करा म्हणण्यापेक्षा वाऱ्याची वाट मागा, ती मिळण्याची शक्यता जास्त. खारे वारे दुपारी पश्चिम-वायव्येकडून येतात. चार घरांच्या जागी उत्तर-दक्षिण सलग भिंत उभी राहिली तर मागच्या तुमच्या घरांना वाऱ्याची सावली पडते. इमारत दोन भागांत तोडा, मध्ये फट ठेवा, किंवा लांब बाजू पूर्व-पश्चिम करा. सामासिक अंतरं, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, नियमापुरती आहेत का, हे मंजूर नकाशावर फूटपट्टी लावून बघा. नंतर तिथेच शेड आणि पंपाच्या खोल्या येतात. स्टिल्ट पार्किंग (इमारतीखाली खांबांमधलं) चारी बाजूंनी उघडं हवं. कंपाउंडची भिंत भरीव चिऱ्याची नको, कमरेच्या वर जाळी हवी.

एसीची बाहेरची युनिटं गल्लीकडे नकोत, हे लेखी घ्या. दीड टनाचा एसी खोलीतली सुमारे ५.३ किलोवॅट उष्णता काढतो, दीडेक किलोवॅट वीज खातो, आणि दोन्हींची बेरीज बाहेर फेकतो. अरुंद गल्लीत ती रात्री खालच्या खिडक्यांतच शिरते.

झाडं मागाल तर पश्चिमेला माड-सुपारी मागा. त्यांच्या खोडांमधून वारा जातो, दाट मेंदीचं कुंपण तोच वारा अडवतं.

जांभा_आणि_कौल:
स्लॅबसाठी दोन्ही चालतं, पण प्रत्येकाची खोट वेगळी. चुना करायचा तर कळीचा चुना, किलोला ५ लिटर पाणी, २४ तास मुरवून कापडातून गाळून घ्या. आधी शेवाळ ब्रशने खरवडा, नाहीतर पापुद्रे सुटतात. स्लॅब ओला करून पातळ तीन हात, प्रत्येक हात आडवा-उभा. फेब्रुवारीत करा. कोकणचा पाऊस तो धुऊन नेतो, म्हणजे दरवर्षीचं काम. टिकाऊ हवं असेल तर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी; तीही शेवाळ धरते, पण घासली की पुन्हा पांढरी होते.

पत्रा पावसालाही उपयोगी, फक्त बाजू बंद करू नका. इथे पावसाची झड आत येते म्हणून चारी बाजूंनी पत्रे ठोकतात, मग तापलेली हवा आत कोंडते आणि स्लॅब वरून भाजतच राहतो. पश्चिम आणि पूर्व उघडी ठेवा, पत्रा दोन फूट बाहेर काढा, रंग फिका घ्या. परवानगी आधी.

सुपारीबाग:
मनापासून आभार. पत्र्याचं तापमान इन्फ्रारेड गनने मोजलं तर हरकतीत चालेल का?

खारा_वारा:
चकचकीत पत्र्यावर गन खोटं बोलते, खूप कमी आकडा दाखवते. त्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर मोजा. स्लॅब, डांबर आणि चुन्यावर गन तशीच चालते. मात्र हा पृष्ठभागाचा आकडा. हवेच्या रकान्यात तो लिहू नका.