पासाउ ते बुडापेस्ट सायकलवर: व्हिसा, कस्टम्स आणि सायकल विमानातून नेण्याबद्दल मदत हवी

कोथरूडकर_पेडल
नमस्कार मंडळी, पुढच्या जूनमध्ये मी आणि बायको डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या पासाउपासून लिंझ, व्हिएन्ना, ब्रातिस्लावा करत बुडापेस्टपर्यंत सायकलने जायचं ठरवतोय, आणि अंगात दम उरला तर पुढे सर्बियात बेलग्रेड. सायकली आमच्याच न्यायच्यात, कारण हिची उंची कमी आहे आणि भाड्याच्या सायकलची फ्रेम नीट बसली नाही तर चौथ्या दिवशी गुडघा बोलायला लागतो. विमान मुंबई ते म्युनिक, परत बुडापेस्टहून. म्युनिकला उतरतोय म्हणून व्हिसा जर्मनीचा काढायचा ना? रोजची हॉटेलं आधीच बुक करावी लागतात का, कारण आज ४० किलोमीटर होतील की ८० हे आत्ता कसं सांगणार? आणि मुंबईला परत येताना कस्टम्सवाले सायकलवर ड्युटी लावतात असं एक जण म्हणाला, ते खरं आहे का?

घाटवाट_नाशिक
दादा आधी व्हिसाचं नीट समजून घ्या, इथेच लोक अडकतात. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज कुठे उतरता त्यावर ठरत नाही, सगळ्यात जास्त दिवस ज्या देशात राहणार त्या देशाकडे करायचा असतो. दिवस सारखे पडले तरच पहिला प्रवेश कुठे ते बघतात. तुमच्या रूटमध्ये पासाउ म्हणजे ऑस्ट्रियाच्या सीमेवरचंच गाव, तिथून व्हिएन्नापर्यंतचे सव्वातीनशे किलोमीटर जवळजवळ सगळे ऑस्ट्रियात, म्हणजे बहुतेक तुमचा अर्ज ऑस्ट्रियाचा. रात्री मोजा आणि मगच अपॉइंटमेंट घ्या. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटची मारामारी असते म्हणून जानेवारीतच कामाला लागा.

मुक्कामाचं म्हणाल तर कागदावर प्रत्येक रात्रीचा पत्ता दिसायला हवा. फुकट कॅन्सल होणारी बुकिंग करा आणि सोबत कव्हर लेटरमध्ये तारीखवार गावं आणि किलोमीटर लिहा, पासाउ ते श्लोगन, श्लोगन ते लिंझ, लिंझ ते ग्राइन, ग्राइन ते मेल्क असं. सायकलने जाणार आहोत हे स्पष्ट लिहा, लपवायचं काहीच कारण नाही, उलट रोज गाव का बदलतंय ते त्यानेच कळतं. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो पण तेवढ्यावर थांबू नका, पॉलिसीत सायकल टूरिंग कव्हर आहे का ते लेखी विचारून घ्या. काही पॉलिसी त्याला साहसी खेळ म्हणतात आणि हात मोडला की क्लेम नाकारतात.

अजून एक, व्हिसा हातात आला की तारखा आणि दिवसांचा आकडा दोन्ही वाचा. तारखा महिनाभराच्या असतात आणि दिवस २० च असतात असं होतं, तेव्हा राहायचे दिवस २० च.

ठाणे_टूरर
ड्युटीबद्दल मी सांगतो. सायकल महागातली असेल तर मुंबईहून निघतानाच कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परत येताना ही इथूनच नेलेली आहे हे सिद्ध होतं आणि ड्युटीचा प्रश्न येत नाही. ते चेक-इनच्या आधी घ्यायचं, कारण अधिकाऱ्याला वस्तू दाखवावी लागते आणि एकदा बॉक्स बेल्टवर गेला की दाखवणार काय? त्यामुळे बॉक्स घरून पूर्ण पॅक करून आणू नका. एका बाजूची टेप लावायची ठेवा आणि टेपचा रोल हातात ठेवा. बहुतेक सायकलींचा सिरीयल नंबर पेडलच्या मध्ये, बॉटम ब्रॅकेटच्या खाली कोरलेला असतो, तो वरून दिसेल अशी सायकल ठेवा, नाहीतर तिथेच सगळं उपसत बसाल. बिलाची झेरॉक्स, नंबरचा फोटो, पासपोर्ट, तिकीट सगळं एका फोल्डरमध्ये, आणि या कामासाठी एक तास जास्तीचा धरून निघा. बिलावर हा नंबर नसेल तर दुकानदाराकडून आत्ताच लिहून शिक्का मारून घ्या. परत आल्यावर ग्रीन चॅनलने (कस्टम्सला काही दाखवायचं नसलेल्यांची वाट) धावू नका, रेडला जाऊन सर्टिफिकेट दाखवा आणि शांतपणे घरी जा.

पॅकिंग: दुकानातून नव्या सायकलचा खोका मागून आणा. पेडल काढा (डावीकडचं उलट्या आट्याचं असतं हे लक्षात ठेवा), हँडल फिरवून फ्रेमला बांधा, रिअर डिरेलर (मागचे गिअर बदलणारा भाग) काढून कापडात गुंडाळा आणि पुढचं चाक काढून ते धरणाऱ्या फोर्कमध्ये प्लास्टिकचा स्पेसर घाला, खोका आदळला तर फोर्क दबत नाही. टायरमधली हवा थोडी कमी करा. मल्टिटूल चेक-इनमध्ये, पॉवरबँक केबिनमध्ये, गॅसचा डबा कुठेच नाही. एअरलाइनला सायकल आहे हे तिकिटाच्या वेळीच कळवा, वजन आणि खोक्याचं माप प्रत्येकाचं वेगळं असतं.

लिंझची_वैदेही
मी लिंझला राहते, त्यामुळे इकडचं सांगते. म्युनिकला इमिग्रेशनवर नव्या ईईएस सिस्टीममध्ये (शेंगेनमध्ये येण्याजाण्याची नोंद ठेवणारी) फोटो काढतात, ऑक्टोबर २०२५ मध्ये ती सुरू झाली, रांगेचा वेळ धरा आणि लगेचची ट्रेन बुक करू नका. म्युनिक ते पासाउ रिजनल ट्रेनने या, सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं. इकडच्या कस्टम्समध्ये वापरातली सायकल स्वतःचं सामान म्हणून जाते, बिलाची कॉपी असू द्या.

खाण्याचं मात्र ऐका. बाहेरून युरोपियन युनियनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, खवा, पेढे घरीच. आंबा आणि ताजा कढीपत्ताही नाही. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भडंग, भाजणी खुशाल आणा.

देशादेशांमध्ये नेहमीची तपासणी नाकी नसली तरी पोलीस कधी कधी थांबवतात, पासपोर्ट पुढच्या हँडलबॅगेत ठेवा. पासाउहून पूर्वेकडे जाताय ते बरोबरच आहे, वारा बहुतेक पश्चिमेचा, नदीही त्याच दिशेला. मेल्कच्या पुढे वाखाउ खोऱ्यात दक्षिण काठ शांत आहे. श्पिट्झला दोराला अडकवलेली, प्रवाहाच्या जोरावर चालणारी फेरी आहे, इंजिनाचा आवाजच नाही, ती चुकवू नका!

कोथरूडकर_पेडल
खूप खूप आभार सगळ्यांचे. रात्री मोजल्या, ऑस्ट्रियाच्याच जास्त निघतायत. फक्त बेलग्रेडचं कसं करू, सर्बियाचा वेगळा व्हिसा लागेल का?

घाटवाट_नाशिक
शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर सर्बियाचा वेगळा लागत नाही, पण सर्बिया शेंगेनमध्ये नाही. नदीकाठचा रूट हंगेरीतून क्रोएशियात जातो, क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, आणि तिथल्या बातिना गावाच्या पुलावरून पलीकडे सर्बियात गेलात की शेंगेनबाहेर. व्हिसा सिंगल एंट्री असेल तर बुडापेस्टच्या विमानासाठी परत आत येता येणार नाही. तेव्हा अर्जातच मल्टिपल एंट्री मागा, कारण म्हणून बेलग्रेडचा टप्पा लिहा आणि सर्बियातलं बुकिंग जोडा. सिंगल मिळाला तर बुडापेस्टलाच थांबा.

कोथरूडकर_पेडल
समजलं. मल्टिपल मागतो, कव्हर लेटरचा कच्चा ड्राफ्ट रविवारपर्यंत इथे टाकतो, तेवढा बघून द्याल का?