'नो सूनर… दॅन' आणि 'पोचतो न पोचतो तोच'

विचारणा

दहावीच्या वर्गाला इंग्रजीतील वाक्यरूपांतर शिकवताना 'ॲज सून ॲज'चे वाक्य 'नो सूनर… दॅन' वापरून फिरवून घ्यावे लागते. दोन्हींचा अर्थ '-ताच' असाच आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. परवा एका विद्यार्थिनीने 'घरी पोचताच मला फोन कर' हे वाक्य 'नो सूनर'ने कसे करायचे, असे विचारले आणि मला ते काही जमेना. ही रचना प्रत्यक्ष लेखनात कुठे वापरली जाते आणि तिला मराठीत सर्वांत जवळचे काय आहे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर

ते आपल्याला जमले नाही, कारण ते होतच नाही. 'ॲज सून ॲज' हे केवळ काळाचा क्रम सांगते आणि म्हणून आज्ञा, विनंती, आश्वासन, नियम अशा कोणत्याही वाक्यात बसते. 'नो सूनर… दॅन' मात्र निवेदनाची रचना आहे. घडून गेलेली किंवा वारंवार घडणारी हकिकत सांगताना, पहिली गोष्ट पुरती उरकण्याच्या आत दुसरी येऊन आदळली, ही लगबग दाखवण्यासाठी ती वापरतात. दुसरी गोष्ट बहुधा अनपेक्षित, पुष्कळदा गैरसोयीची असते. 'ही हॅड नो सूनर सॅट डाउन दॅन द फोन रँग' या वाक्यात बसणे आणि फोन वाजणे यांतील अंतरापेक्षा बसणाऱ्याला उसंत मिळाली नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे.

याला मराठीत अगदी घरचा प्रतिशब्द आहे, आणि तो '-ताच' नव्हे. 'तो बसतो न बसतो तोच फोन वाजला' हे ते वाक्य. इथेही नकार आहे, इथेही दोन घटना एकमेकींवर चढलेल्या आहेत, आणि इंग्रजीत 'दॅन' जिथे येतो नेमका तिथेच आपला 'तोच' येतो. आता आपल्या विद्यार्थिनीचे वाक्य या साच्यात घालून पाहावे. 'घरी पोचतेस न पोचतेस तोच मला फोन कर' असे कोणी म्हणणार नाही. ज्या कारणाने मराठी कानाला हे खटकते, त्याच कारणाने इंग्रजीतही 'नो सूनर' आज्ञार्थात चालत नाही. हा भेद मुलांना जन्मजात ठाऊक असतो. दोन्हींचा अर्थ '-ताच' असे सांगून आपणच तो पुसून टाकतो.

मराठीत तर याहून बारीक छटा आहेत. 'घंटा वाजण्याचा अवकाश, मुले मैदानावर' या वाक्यात मुले घंटेची वाटच पाहत होती, म्हणजे दुसरी घटना अपेक्षित आणि दबा धरून बसलेली होती. 'घंटा वाजते न वाजते तोच पाऊस कोसळू लागला' यात तसे काही नाही. इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी 'नो सूनर' येऊ शकते. मराठीत भाषांतर करणाऱ्याला मात्र निवड करावी लागते, आणि पुष्कळ भाषांतरांत सरसकट '-ताच' दिसते, हे वाईट वाटण्यासारखे आहे.

रचनेविषयी दोन गोष्टी. शाळेत 'नो सूनर' नेहमी वाक्याच्या आरंभीच ठेवायला शिकवतात, आणि तसे ठेवले की सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी जाते: 'नो सूनर हॅड ही सॅट डाउन…'. आरंभी नकारार्थी क्रियाविशेषण आले की इंग्रजीत हा उलटा क्रम येतोच. 'नेव्हर', 'सेल्डम', 'हार्डली' यांचेही तसेच. परंतु कर्ता आधी आणि 'नो सूनर' मध्ये, हा वर दिलेला साधा क्रमही तितकाच शुद्ध आहे आणि वाचायला कमी नाटकी वाटतो. दुसरी गोष्ट 'दॅन'ची. 'सूनर' हे 'सून'चे तुलनादर्शक रूप असल्यामुळे त्याला 'दॅन' लागतो. 'हार्डली' आणि 'स्केअर्सली' ही तुलनादर्शक नसल्यामुळे त्यांच्यापुढे 'व्हेन' येतो. या दोहोंची सरमिसळ होऊन 'नो सूनर… व्हेन' किंवा 'हार्डली… दॅन' लिहिले जाते, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही त्यातून सुटलेले नाहीत.

शंका

आपण 'दॅन'चा नियम तर्काने सिद्ध केलात. पण शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट'मध्ये रोझलिंड 'नो सूनर मेट बट दे लुक्ड, नो सूनर लुक्ड बट दे लव्ह्ड' असे म्हणते. तिथे 'बट' कसा?

खुलासा

आठवण अचूक आहे. ते नाटक १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित मोठ्या ग्रंथात, छापले गेले, आणि त्या काळच्या इंग्रजीत 'नो सूनर'च्या पुढे 'बट' चालत असे. आज तो चालत नाही. माझा तर्क आजच्या रूढीचे कारण सांगतो, भाषेचा कायदा नव्हे. त्या उताऱ्याचा मला दुसराच उपयोग वाटतो. ऑलिव्हर आणि सीलिया भेटले काय, एकमेकांच्या प्रेमात पडले काय, ही घाई रोझलिंड थट्टेने सांगते आहे, आणि ही थट्टा रचनेला आजही चिकटून आहे. इंग्रजी वृत्तपत्रांत ती साध्या बातमीपेक्षा स्तंभलेखनात आणि सामन्यांच्या वर्णनात अधिक शोभते: घोषणा होते न होते तोच खुलासा आला, फलंदाज स्थिरावतो न स्थिरावतो तोच बाद झाला. कार्यालयीन पत्रात 'आपला अर्ज मिळतो न मिळतो तोच आम्ही तो मंजूर केला' असे लिहिले, तर अर्ज वाचलाच नाही असा अर्थ निघेल. इंग्रजीतही तसेच होईल.

पुरवणी

याच शब्दांचा एक अगदी वेगळा वापर करारपत्रांत आणि सूचनांत येतो, त्याची नोंद इथे असावी. 'नो सूनर दॅन थर्टी डेज' याचा अर्थ तीस दिवसांच्या आधी नाही, एवढाच. त्यात लगबग नाही. उलट थांबा असे सांगणे आहे. माझ्याकडे तपासणीसाठी आलेल्या एका भाडेकराराच्या भाषांतरात याचे '३० दिवस होताच' असे झाले होते. मूळ करारात भाडेकरूने किमान ३० दिवस जागा सोडायची नव्हती. भाषांतराप्रमाणे त्याने एकतिसाव्या दिवशी सामान बाहेर काढायला हवे होते.

पुन्हा विचारणा

मग परीक्षेचे काय? प्रश्नपत्रिकेत रूपांतर येतेच.

उत्तर

उत्तरपत्रिकेत विचारलेले रूप लिहावेच. तिथे वाद घालून गुण मिळत नाहीत. सरावासाठी वाक्ये निवडणे मात्र आपल्या हाती आहे. वाक्य आधी मराठीत '-तो न -तो तोच' असे म्हणून पाहावे आणि जे कानाला बरे वाटेल तेच फळ्यावर लिहावे. 'शिक्षक वर्गात येताच मुले उभी राहिली' हे जवळपास प्रत्येक वहीत सापडणारे वाक्य या कसोटीवर जेमतेम उतरते, कारण त्यात अनपेक्षित असे काहीच नाही. 'शिक्षक पाठ सुरू करतात न करतात तोच वीज गेली' हे घ्यावे.